बेसमेंटमध्ये पाणी आलं, पण आलं कुठून?

१६ जुलै २०२४, मंगळवार. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बाहेर धो धो पाऊस, आणि खालून गुडगुड गुडगुड आवाज, कुणीतरी घागर पाण्यात बुडवल्यासारखा. खाली जाऊन बघते तर फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या, बाजूला जमिनीत जी फ्लोर ड्रेनची जाळी असते ना, आपल्या मोरीतल्या जाळीसारखीच, तिच्यातून पाणी खाली जायचं सोडून वर येतंय. तपकिरी, त्यात टॉयलेट पेपरचे तुकडे, आणि वास तर विचारूच नका. आमचं घर कॅनडात, टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागात, आणि बेसमेंट म्हणजे आपल्याकडचा माळा कुणीतरी उचलून तळाला आणून ठेवलाय असं समजा: गणपतीचं मखर, भारतात न्यायच्या बॅगा, आट्याची पोती, मुलाची बालवाडीपासूनची चित्रं. अर्ध्या तासात घोट्याएवढं पाणी झालं. मखर थर्माकोलचं, ते छान तरंगत होतं.

त्या दिवशी टोरोंटोच्या पीअरसन विमानतळावर ९७.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, डॉन व्हॅली पार्कवे हा हमरस्ता पाण्याखाली, युनियन स्टेशनात पाणी. मुंबईकर हसतील, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाहिलेली माणसं आपण. पण इथली गटारं एवढ्या पाण्याच्या हिशोबाने बांधलेलीच नाहीत आणि सगळीकडे डांबर, पाणी मुरणार कुठे?

तर इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. (नाव सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्या कंपन्यांचे नियम साधारण सारखेच असतात.) मी घाईघाईत म्हटलं, "आमच्याकडे फ्लड आलाय." पलीकडची बाई दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, पाणी नेमकं कुठून आलं ते सांगा. मला रागच आला, इथे माझं कार्पेट पोहतंय आणि हिला चौकशा सुचतायत. पण तोच प्रश्न पूर्ण क्लेमचा जीव होता हे नंतर कळलं, आणि हा लेख त्याच एका प्रश्नावर आहे.

आपली समजूत काय असते, की होम इन्शुरन्स घेतलाय म्हणजे घरात पाण्याने नुकसान झालं तर पैसे मिळतात. कॅनडात तसं नाही. इथली पॉलिसी पाण्याला त्याचं गाव विचारते. तेच सहा इंच पाणी, तेच भिजलेलं ड्रायवॉल (इथल्या भिंतींचे प्लास्टरचे पत्रे), पण ते कुठल्या वाटेने घरात आलं त्यावर पैसे मिळणार की नाही ते ठरतं.

पहिली वाट, घरातलेच नळ-पाइप. पाइप फुटला, वॉशिंग मशीनचा होज निसटला, डिशवॉशर गळला, आणि हे अचानक झालं, तर साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा कव्हर असतं. "अचानक" हा शब्द महत्त्वाचा. सिंकखाली सहा महिने थेंब थेंब गळत होतं आणि एक दिवस कपाटाचं लाकूड कुजून हातात आलं, तर ते तुमच्याकडे, देखभाल तुमची होती.

दुसरी वाट म्हणजे आमची, सीवर बॅकअप. सार्वजनिक गटार भरलं, तुंबलं, आणि तुमच्या घराच्या ड्रेनमधून पाणी उलटं आलं. हे साध्या पॉलिसीत नसतं, वेगळं जोडून घ्यावं लागतं. इथे त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात, आपण पुरवणी म्हणू.

तिसरी वाट ओव्हरलँड वॉटर, म्हणजे नदी-ओढ्याचं किंवा पावसाचं पाणी जमिनीवरून वाहत येऊन दारातून, खिडकीतून घरात शिरलं. ही अजून वेगळी पुरवणी. आणि भिंतीतून, फरशीच्या फटीतून झिरपत येणारं भूजल, त्याची तर अजूनच वेगळी भानगड, कुठे ओव्हरलँडमध्ये धरतात, कुठे अजिबातच नाही. समुद्राचं पाणी आत आलं तर बहुतेक जण सरळ नाही म्हणतात, पण ते हॅलिफॅक्सवाल्यांनी बघावं, आम्हाला लेक ऑन्टारिओ पुरे.

आता गंमत (तेव्हा गंमत नव्हती). आमच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहतं, त्यांचं घर उतारावर, वॉकआउट बेसमेंट, म्हणजे बेसमेंटला मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार. त्यांच्याकडे पाणी अंगणातून दाराखालून आलं. त्यांच्या पॉलिसीत सीवर बॅकअप होतं, ओव्हरलँड नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "अगं पण आम्ही पाण्याचं घेतलंय ना, दर महिन्याला पैसे जातात." घेतलं होतं, पण दुसऱ्या पाण्याचं. एक डॉलर मिळाला नाही. एकाच पावसात, चारशे पावलांवर.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त चिडचिड करणारं आहे. तुमच्याकडे फक्त सीवर बॅकअप आहे, ड्रेनमधून पाणी आलंय, पण त्याच वेळी बाहेरून पूरही आलाय, तर काही पॉलिसींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पुरामुळे किंवा पुरासोबत झालेला सीवर बॅकअप आम्ही देत नाही. म्हणजे छत्री दिली, पण पाऊस असेल तेव्हा उघडायची नाही. म्हणून दोन्ही पुरवण्या एकत्र घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि आता बऱ्याच कंपन्या दोन्ही जोडूनच विकतात.

पुण्याचे दीर फोनवर म्हणाले, पूर कव्हर नाही तर कसला इन्शुरन्स तो? त्यांचंही चूक नाही. भारतात १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी आहे तिच्यात पूर आणि पाणी साचणं मुळातच धरलेलं असतं, वेगळं मागायला लागत नाही. म्हणून आपण इथे आलो की तेच डोक्यात घेऊन येतो. इथे मात्र २०१५ पर्यंत घरमालकाला ओव्हरलँड पुराचं कव्हर जवळपास विकतच मिळत नव्हतं! जून २०१३ मध्ये अल्बर्टात हाय रिव्हर, कॅलगरीत महापूर आला, लगेच ८ जुलैला टोरोंटोत पीअरसनवर १२६ मिलिमीटर पडला, लोकांचे क्लेम याच कुठून-आलं वर अडकले, ओरड झाली, आणि मग कंपन्यांनी हे कव्हर काढलं. म्हणजे तुमची पॉलिसी त्याआधीची असेल आणि दरवर्षी आपोआप रिन्यू होत आली असेल तर ते तिच्यात आहे की नाही ते एकदा उघडून बघाच.

पाणी उलटं का येतं ते थोडक्यात. घरातलं सांडपाणी एका पाइपने रस्त्याखालच्या मोठ्या गटारात जातं, उताराने, पंप वगैरे काही नाही. पावसाचं पाणी वेगळ्या गटारात जायला हवं, आणि मिसिसागात ते वेगळं आहेही, पण जुन्या टोरोंटोच्या काही भागात दोन्हीचं एकच गटार. वेगळं असलं तरी पावसाळी पाणी सांडपाण्याच्या गटारात घुसतंच, मॅनहोलच्या झाकणातून, तडकलेल्या पाइपांतून, काही जुन्या घरांत पायाभोवतीचे निचऱ्याचे पाइप त्यालाच जोडलेले असतात. मोठं गटार काठोकाठ भरलं की पाण्याला जिथे सगळ्यात खालचं उघडं तोंड मिळेल तिथून ते बाहेर येतं. ते तोंड म्हणजे तुमच्या बेसमेंटची ती जाळी. म्हणून दुसऱ्या मजल्यावर काही होत नाही आणि खाली शेजारपाजारच्या चार घरांचं सगळं तुमच्या कार्पेटवर.

आता भाडेकरू. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण आपली शिकायला आलेली मुलं बहुतेक बेसमेंटमध्येच राहतात.

ब्रॅम्प्टनला एक नाशिकचा मुलगा, माझ्या मैत्रिणीचा भाचा, त्याच पावसात त्याची गादी, लॅपटॉप, चार्जर, नोकरीसाठी घेतलेला एकुलता एक सूट, सगळं गेलं. घरमालक काका चांगले होते, म्हणाले काळजी करू नकोस बेटा, घराचा इन्शुरन्स आहे. आहे हो, पण घरमालकाचा इन्शुरन्स भिंती, फरशी, फर्नेस, घरमालकाचं सामान यांचा. भाडेकरूच्या लॅपटॉपचा त्यात काही संबंध नाही. त्यासाठी भाडेकरूने स्वतःचा टेनंट इन्शुरन्स घ्यायचा असतो, साधारण महिन्याला २०-४० डॉलर, दोन पिझ्झांचे पैसे. त्यात तीन गोष्टी असतात: तुमचं सामान, घर राहण्यालायक नसेल तर हॉटेल-जेवणाचा जादा खर्च, आणि तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी. नळ उघडा राहिला आणि खालच्या मजल्याचं छत कोसळलं, तर ती तिसरी गोष्ट वाचवते.

पण (हा पण मोठा आहे) टेनंट इन्शुरन्सलाही पाण्याचं गाव लागतंच. ऑनलाइन पाच मिनिटांत घेतलेल्या सगळ्यात स्वस्त पॉलिसीत सीवर बॅकअप असेलच असं नाही, आणि बेसमेंटमध्ये राहणाऱ्याला नेमकं तेच हवं. हॉटेलचा खर्चसुद्धा कव्हर असलेल्या कारणाने घर सोडावं लागलं तरच मिळतो. म्हणजे सीवर बॅकअप नसेल तर गादीही गेली आणि हॉटेलही तुमच्या क्रेडिट कार्डावर. त्या मुलाकडे काहीच नव्हतं, तो तीन आठवडे मित्राकडे सोफ्यावर झोपला.

अजून एक, तिघं मित्र मिळून राहतात आणि एकाने पॉलिसी घेतली की बाकीचे निर्धास्त. चूक. पॉलिसी नाव असलेल्याला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या त्याच्या घरच्यांना लागू होते, रूममेट म्हणजे घरचे नव्हेत, कितीही एका ताटात जेवत असाल तरी. नाव घातलेलं असेल किंवा ज्याची त्याची वेगळी पॉलिसी असेल तरच.

भाडं मात्र आपल्या मनाने बंद करू नका, आमच्या ऑन्टारिओ प्रांतात घर दुरुस्त ठेवणं कायद्याने घरमालकाचं काम आहे, ते होत नसेल तर लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे अर्ज करून भाडं कमी करून मागता येतं, पण भाडं थांबवलंत तर उलट तुमच्यावरच केस.

आणि काका-काकूंनो, आता तुमच्याकडे वळते. बेसमेंट भाड्याने दिलंय आणि इन्शुरन्स कंपनीला कळवलं नाहीये, प्रीमियम वाढेल म्हणून, असे आपल्यात किती जण आहेत ते मला माहितीये आणि तुम्हालाही. कंपनीच्या दृष्टीने घरात भाडेकरू येणं हा मोठा बदल, तो लपवला तर ऐन क्लेमच्या वेळी ती हात वर करू शकते. महिन्याचे वीस-तीस डॉलर वाचवायला सगळं घर डावावर लावायचं का ते ज्याने त्याने ठरवावं, मी तर लावणार नाही.

कॉन्डोवाल्यांचं, म्हणजे फ्लॅटवाल्यांचं, थोडक्यात: बिल्डिंगचा इन्शुरन्स कॉन्डो कॉर्पोरेशनचा, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या संस्थेचा, तुमच्या युनिटमधलं सामान आणि तुम्ही केलेलं नवं किचन वगैरे तुमचं, आणि तुमच्या युनिटमधून पाणी खाली गेलं तर बिल्डिंगच्या पॉलिसीचा डिडक्टिबल (क्लेममधली आधी स्वतः भरायची रक्कम) तुमच्या माथी मारला जाऊ शकतो, हजारो डॉलर असतो तो, त्याचंही कव्हर मिळतं, मागून घ्या. आणि पार्किंगमध्ये गाडी बुडाली तर ते घराच्या पॉलिसीत शोधत बसू नका, ते गाडीच्या इन्शुरन्समधल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरमध्ये.

पैशांचं बोलू. आमच्याकडे सीवर बॅकअप होतं, म्हणजे आम्ही नशीबवान. पण त्याची मर्यादा होती १०,००० डॉलर आणि डिडक्टिबल २,०००. घर सात-आठ लाखांना इन्शुअर केलेलं असलं तरी या पुरवणीची मर्यादा वेगळी असते, हे मला माहितीच नव्हतं. घाण पाणी म्हटल्यावर साफ करणारी माणसं पांढरे सूट घालून येतात, जमिनीपासून दोन फूट ड्रायवॉल कापून काढतात, कार्पेट फेकतात, चार दिवस मोठाले पंखे आणि डीह्युमिडिफायर चालतात, मशिनांच्या आवाजाने झोप नाही. सगळं मिळून बिल झालं १९,००० च्या आसपास. कंपनीने मर्यादेपर्यंत दिले, बाकी आमच्या खिशातून.

सामानाचं अजून एक. पॉलिसीत नव्याची किंमत लिहिलीये की घसारा वजा करून, ते बघा. दुसऱ्या प्रकारात दहा वर्षं जुन्या सोफ्याचे पैसे ऐकून हसू येतं. आणि सामान फेकायच्या आधी फोटो, फोटो, फोटो. मी वासाने वैतागून आट्याची पोती आणि दोन बॅगा पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकल्या, अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो माणूस) तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, बॅगा कुठायत? फोनवर काय बोलायचं तेही सांगते. फ्लड, पूर असा शब्द वापरून स्वतःच निदान करू नका, जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा: जाळीतून वर आलं, दाराखालून आलं, पाइपच्या जॉइंटमधून आलं. शक्य असेल तर पाणी येतानाच व्हिडिओ काढा. माझ्या मुलाने मित्रांना दाखवायला म्हणून त्या जाळीचा बारा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, कार्ट्याला मी ओरडले होते, पण अ‍ॅडजस्टरचं समाधान त्यानेच झालं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, आणि तिथे नाही जमलं तर जनरल इन्शुरन्स ऑम्बुडसर्व्हिस म्हणून स्वतंत्र संस्था आहे, फुकट ऐकून घेते. पण फार रेंगाळू नका, ऑन्टारिओत घराच्या पॉलिसीवर कोर्टात जायची मुदत साधारण एकच वर्षाची असते.

सरकार देईल या आशेवर असाल तर ऐका. ऑन्टारिओची आपत्तीनंतरची मदत योजना आहे, पण ती सरकारने तुमचा भाग जाहीर केला तरच चालू होते, आणि सीवर बॅकअपचं नुकसान कमी उत्पन्नाची कुटुंबं सोडून कुणाला देत नाही. जिथे धोका फार तिथे ओव्हरलँड कव्हर मुळात परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय पूर विमा काढू असं केंद्र सरकारने २०२३ च्या बजेटमध्ये म्हटलं होतं. त्याच्या भरवशावर रिन्यूअल पुढे ढकलू नका.

हिवाळ्याचं एक सांगायलाच हवं कारण ते खास आपलं दुखणं आहे. डिसेंबरात लग्नं, सुट्ट्या, आपण महिनाभर भारतात, आणि इथे उणे वीस. पाइप गोठून फुटला तर तो पहिल्या वाटेचा, कव्हर असायला हवा, बरोबर? पण बऱ्याच पॉलिसींत अट असते की थंडीत चार दिवसांपेक्षा जास्त घर बंद ठेवणार असाल तर कुणीतरी रोज येऊन घर गरम आहे ना ते बघायचं, नाहीतर मेन व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करायचे. शेजाऱ्याला किल्ली देऊन "अधूनमधून बघ हं" म्हणणं चालत नाही, रोज म्हणजे रोज. आम्ही आता पाणीच बंद करून जातो, जावयाचा मान द्यावा लागेल इतकी कामं कुणाला सांगायची.

पावसाला आमची दया नव्हतीच. १७ ऑगस्टला, म्हणजे महिन्याभरात, पीअरसनवर १२८.३ मिलिमीटर पडला, २०१३ चाही रेकॉर्ड मोडला. तेव्हा आमचं बेसमेंट उघडं काँक्रीट होतं, आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्या जाळीकडे बघत बसलो होतो, तिच्यावर रबरी बूच घट्ट बसवून. नंतर बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवला. साधी गोष्ट आहे, पाइपमध्ये एक झडप, पाणी बाहेर जाताना उघडी, गटारातून उलटं यायला लागलं की तीच पाण्याच्या जोराने वर उचलली जाऊन तोंड बंद करते. परमिट घ्यावं लागतं, लायसन्सवाला प्लंबर लागतो, जमीन फोडावी लागते. टोरोंटोसारखी शहरं त्याला सबसिडी देतात, फोडायच्या आधी अटी वाचा. आणि प्लंबरचं बिल, फोटो ब्रोकरला पाठवा, काही कंपन्या त्यावर प्रीमियम कमी करतात, काही तर व्हॉल्व्ह असल्याशिवाय सीवर बॅकअप देतच नाहीत. आमच्या रिन्यूअलला मर्यादा ४०,००० करून घेतली, ओव्हरलँड जोडलं, डिडक्टिबल मात्र त्यांनी ५,००० केला, क्लेम घेतला ना तुम्ही, म्हणून.

त्या झडपेचं एक आहे, ती बंद असते तेव्हा तुमच्या घराचं पाणीसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही. शॉवर, वॉशिंग मशीन, फ्लश, जे सोडाल ते तुमच्याच बेसमेंटच्या जाळीतून वर येणार, आणि हे कुठल्या पुरवणीत बसतं ते विचारायची मला हिंमत झाली नाही. म्हणून मी तिन्ही बाथरूममध्ये पिवळा कागद चिकटवलाय, सासूबाईंसाठी ठळक मराठीत: जोराचा पाऊस चालू असताना फ्लश करू नये. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मग छत्री घेऊन बाहेर जायचं का?"